उत्तर दरवाजा : सोलापूरच्या उन्हात आर्क्टिकचं प्रवेशद्वार (प्रकल्प नोंदी)

५ एप्रिल

आम्ही सोलापुरातले काही आर्किटेक्ट मित्र-मैत्रिणी मिळून एक करमणूक उद्यान कागदावर उभं करतोय. ते कधी बांधलं जाणार नाही. होटगी रस्त्याच्या पुढचा एक माळ मनात धरलाय. मालक नाही, पैसा नाही. पण नकाशे असे काढायचे की उद्या कंत्राटदाराच्या हातात दिले तरी काम सुरू व्हावं, एवढा नियम सगळ्यांनी मान्य केलाय. वाटण्या झाल्या तेव्हा प्रवेशाचा भाग माझ्याकडे आला. विषय आर्क्टिक. गाडीतळापासून आतल्या चौकापर्यंतचं सगळं त्यात येतं: सावली, तिकीट खिडक्या, रांग, दरवाजा.

पहिल्याच बैठकीत पेंग्विन निघाले. ते दक्षिण गोलार्धातले, आर्क्टिकमध्ये रानात एकही सापडत नाही, म्हणून बाद. ध्रुवीय अस्वल, वॉलरस, पांढरा कोल्हा, रेनडिअर असताना उसने प्राणी कशाला आणायचे? थर्माकोलचा बर्फही बाद. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि आपल्या उन्हात तो दोन वर्षांत भुगा होऊन नाल्यात जातो.

खरा प्रश्न वेगळाच आहे. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ च्या घरात असतो. कडेवर पोर घेतलेली बाई तिकिटासाठी वीस मिनिटं उभी राहणार आहे. तिला पांढरा रंग दाखवून भागणार नाही. थंडी दिसली तर पाहिजेच, आणि थोडी तरी अंगाला लागली पाहिजे.

९ एप्रिल

दिवसभर सूर्याच्या कोनांची गणितं. सोलापूर १७°४०' उत्तर अक्षांशावर. भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन केंद्र ‘हिमाद्री’ नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात नी-ओलेसुंडला, ७८°५५' वर. १ जुलै २००८ ला ते सुरू झालं. आर्क्टिक म्हणजे नेमकं कुठलं, हे आधी ठरवणं गरजेचं होतं, आता ठरलं. आपलं माणूस जिथे खरोखर राहून काम करतं, तेच ठिकाण घ्यायचं.

हिमाद्रीवर २१ जूनला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात उंच सूर्याच्या दिवशी, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त साडेचौतीस अंश वर असतो. त्याच मध्यरात्री तो मावळत नाही, साधारण साडेबारा अंशांवर असतो. म्हणजे तिथे उन्हाळ्यातही डोक्यावरून ऊन पडतच नाही. एक मीटरच्या काठीची सावली दुपारीसुद्धा जवळपास दीड मीटर. बाजूनं येणारा, जमिनीलगतचा उजेड. तिथल्या फोटोंत प्रत्येक खड्याला लांब निळसर सावली दिसते ती त्यामुळे.

आणि आपल्याकडे? मे महिन्यात सूर्य थेट माथ्यावर येतो.

माझ्या मते सगळं इथेच सुटतं. वरून येणारा उजेड पूर्ण बंद करायचा आणि बाजूनं, खालून येणारा तेवढा आत घ्यायचा. असं केलं की आर्क्टिकचा उजेड मिळतो आणि सोलापूरचं ऊनही अडतं. विषय आणि सोय यांची भांडणं लावावी लागत नाहीत.

१६ एप्रिल

वाटेची लांबी सापडली. ७८°५५' वजा १७°४०' म्हणजे सव्वाएकसष्ट अंश. एका अंशाला एक मीटर धरला तर गाडीतळापासून दरवाजापर्यंत सव्वाएकसष्ट मीटर वाट होते, आणि रांगेसाठी मला लागत होती तेवढीच ती आहे. फरशीत दर मीटरला पितळी पट्टी, तिच्यावर अक्षांश. पुणे पहिल्या मीटरच्या आतच येतं. दिल्ली अकराव्या मीटरवर, श्रीनगर सोळा-सतराव्यावर. विसाव्या मीटरला भारत संपलेला असतो. मॉस्को अडतिसाव्यावर. एकोणपन्नासाव्याला ६६°३४' चं आर्क्टिक वृत्त, तिथे रुंद पट्टी. त्याच्यापुढे अजून बारा मीटर चालायचंच आहे, म्हणजे हिमाद्री किती आत आहे ते पायांना कळतं.

छतही वाटेबरोबर खाली येत जाईल. सुरुवातीला सात मीटर उंच, आर्क्टिक वृत्तापाशी दोन मीटर सत्तर. उत्तरेकडे जाताना सूर्य खाली येतो तसं.

मित्राने सुचवलं की सुरुवातीला नंदीध्वज उभे करू, सोलापूरची ओळख म्हणून. मी नको म्हटलं. नंदीध्वज सिद्धेश्वराच्या यात्रेतच शोभतात, तिकीट खिडकीशेजारी नाही. नी-ओलेसुंडला चीनच्या केंद्राच्या दाराशी दोन दगडी सिंह बसवलेत, तशा जागी आपण नान्नजचा माळढोक पक्षी बसवावा असं मला वाटतं. हा माळ मुळात त्याचाच.

२१ एप्रिल

बाजूच्या भिंतींचं रूप आज ठरलं. बर्फावरच्या चकाकीनं डोळे जातात म्हणून इनुइट लोक लाकडाचे किंवा हाडाचे गॉगल करत: काच नाही, फक्त एक बारीक आडवी फट. भिंतीलाही तशाच आडव्या फटी द्यायच्या. फट आठ सेंटिमीटर, भिंतीची जाडी तीस. या मापात साधारण पंधरा अंशांच्या वरचं ऊन थेट आत शिरत नाही. जमिनीवरून आणि फटीच्या तळावरून उडालेला मऊ उजेड तेवढा येतो. सूर्य पंधरा अंशांखाली आला की मात्र किरण थेट आत. हिमाद्रीचा मध्यरात्रीचा सूर्य त्याच उंचीवर असतो. म्हणजे सोलापुरात संध्याकाळच्या शेवटच्या तासाभरात आमच्या भिंतीतून येणारं ऊन नी-ओलेसुंडच्या मध्यरात्रीच्या कोनातच येईल.

पुठ्ठ्याचं मॉडेल (१:५०) गच्चीवर नेऊन ठेवलं. भाची शेजारी उकिडवी बसून आत डोकावत होती. साडेसहाच्या सुमाराला पश्चिमेच्या फटींतून नारिंगी पट्टे आत घुसले आणि समोरच्या भिंतीवर चढायला लागले. मी आत काडीपेटीतल्या काड्या माणसं म्हणून चिकटवल्या होत्या, त्यांच्या सावल्या वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेल्या. “मावशी, माणसापेक्षा सावलीच मोठी!” ती म्हणाली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

२९ एप्रिल

गारव्याचा हिशेब. एसी नको, उघड्या रांगेला एसी लावणं म्हणजे वीज माळावर ओतणं. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, आणि कोरड्या हवेत कूलर चालतो. हवा ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापी २३ च्या आसपास उतरतो. चांगला पॅड असलेला मोठा कूलर त्याच्या जवळपास जातो, हवा सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत आणतो. ४१ मधून आलेल्या माणसाला ती थंडगार वाटते.

पॅड हनीकोंबचेच, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या जाड कागदाचे. वाळ्याचे पडदे मला स्वतःला फार आवडतात, पण वाळ्याचा वास आला की सोलापूरकर मनानं आजोळच्या ओसरीवर जाऊन बसतो. इथे त्याला उत्तरेला न्यायचंय.

आता मुख्य गोष्ट. गार हवा जड असते, खाली बसते. इग्लूचं प्रवेशाचं बोगदं म्हणूनच आतल्या बसण्या-झोपण्याच्या ओट्यापेक्षा खाली असतं: थंड हवा खालच्या बोगद्यात राहते, माणसं वर उबेत. आम्हाला उलटा उपयोग करायचाय. चौतीस ते एकोणपन्नास मीटरमध्ये वाट साठ सेंटिमीटर खाली उतरते (एकास पंचवीसचा उतार, ढकलगाडीला आणि चाकाच्या खुर्चीला काहीच त्रास नाही), मग बारा मीटर सपाट बंदिस्त बोगदा, आणि बाहेर पडताना एकास बाराचा सव्वासात मीटरचा चढ. कूलरची हवा त्या खोलगट भागात साचेल आणि माणसं तिच्यातून चालतील.

पाणी. दहा हजार घनमीटर हवा तासाला चौदा अंशांनी उतरवायला साधारण ६५ लीटर पाणी उडून जातं, आठ तासांत पाचशेच्या वर. ज्या शहरात नळ रोज येत नाही तिथे हे पाणी महापालिकेकडून मागायला मन धजत नाही. वरचं छत चारशे चौरस मीटर. ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी १ लाख ९० हजार लीटर पडतं. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांना ५० हजार लागणार, तर त्याहून थोडी मोठी टाकी वाटेखाली. पॅडमधला क्षार जाण्यासाठी मधून मधून पाणी सोडावं लागतं, त्यालाही यातून उरतं. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, कूलरचा उपयोग कमी. तेव्हा नुसते पंखे.

११ मे

शून्य सावलीच्या दिवसांत आहोत. दुपारी बारा वाजून बावीस-तेवीस मिनिटांनी गच्चीवर नळकांडं उभं केलं, सावली पायातच. उत्तरेला तोंड केलेल्या इमारतीवर ऊन येत नाही असं आपण सरसकट धरतो, पण आजपासून जुलैअखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. माझा दरवाजा उत्तरेच्या टोकाला आहे. चौकाकडच्या बाजूला छज्जा दीड मीटरनं वाढवला.

१४ मे

मिस्त्रीकाकांकडे फेरोसिमेंटचा नमुना. चौकातली हिमकड्यासारखी भिंत याच पद्धतीनं करायची: सळ्यांचा सांगाडा, त्यावर वेल्डमेश, वर कोंबडी जाळीचे थर, एकास दोनचा सिमेंट-वाळूचा माल दोन्ही अंगांनी दाबून भरायचा. एकूण जाडी इंचभर. वजन कमी, हवा तो आकार घेता येतो, आणि हे काम करणारे हात आपल्याच गावात आहेत.

काका आयुष्यभर घोटाई करत आलेले. त्यांनी दोन फुटी तुकडा आरशासारखा केला. मी मोबाईलवर त्यांना सास्त्रुगी दाखवल्या, म्हणजे वाऱ्यानं बर्फावर कोरलेल्या तिरक्या लाटा. एका बाजूनं धारदार, दुसऱ्या बाजूनं निमुळत्या. ते बराच वेळ बघत राहिले.

“वारा एकाच दिशेनं हाय इथं.”

“होय काका.”

“मग हातपण एकाच दिशेनं चालला पायजे.” खराटा घेतला, त्याची टोकं कुऱ्हाडीनं सरळ तासली, पाण्यात बुडवून झटकला आणि ओल्या मालावरून खांद्यातून एकच लांब ओढ दिली. मग थापीच्या कडेनं प्रत्येक लाटेची एकच बाजू दाबत गेले. दुसऱ्या तुकड्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. टॉर्च आडवा धरला आणि सगळी लाट उठून आली. सरळ समोरून धरला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडाचंच काम आहे हे.

मग त्यांनीच शंका काढली. “ताई, धूळ बसंल की ह्यात. वर्षात तांबडं-काळं होईल.” अगदी बरोबर. दोन गोष्टी ठरल्या. लाटा आडव्या न ठेवता खाली उतरत्या, म्हणजे धुतलं की मळ खाली येतो. आणि भिंत पांढरीशुभ्र ठेवायचीच नाही. खऱ्या हिमनदीतही दगडगोटे, माती असते. दोन हिमनद्या मिळतात तिथून काळ्या रेघा निघून पार समुद्रापर्यंत जातात. भिंतीचा खालचा तीन फूट भाग राखाडी, काळ्या रेघांचा. आपली धूळ तिथे खपून जाईल. वर पांढऱ्या सिमेंटमध्ये थोडा निळा रंग, भेगांच्या आत तो गडद. जुन्या दबलेल्या बर्फात हवेचे बुडबुडे फार उरत नाहीत, उजेड खोल शिरतो, तांबडा भाग शोषला जातो आणि निळा परत येतो. त्यामुळे निळा आतून यायला हवा, पृष्ठभागावर फासलेला नको.

तुकडे ओल्या गोणपाटाखाली ठेवून आलो. या उन्हात सात दिवस पाणी मारलं नाही तर तडे जातील.

१९ मे

पाया. माळाच्या एका अंगाला मुरूम वर आहे, पण तिकीट खिडक्यांच्या बाजूला काळी माती धरली आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. स्वालबार्डमधल्या लाँगयिअरब्येनमध्ये घरं खांबांवर उचललेली असतात, कारण तिथे खालची जमीन कायम गोठलेली; घराची ऊब लागली की ती वितळते आणि खचते. दोन्हीकडे जमीन जागेवर राहत नाही, दोन्हीकडे उपाय खोल खांबांचा. आपल्याकडे काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर बुंध्याचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवायचे खांब, विकसित केले आहेत, तेच वापरायचे. वर लाकडी फळ्यांच्या रंगीत तिकीट-खोल्या, जमिनीपासून दोन फूट उचललेल्या. तांबडी, मोहरीच्या रंगाची, हिरवी. खालून वारा वाहील, आतल्या कर्मचाऱ्यालाही बरं.

एक खिडकी खाली, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाच्या उंचीला.

२४ मे

शहराच्या पूर्व भागात एका विणकरांच्या कारखान्यात गेले होते. बंदिस्त बारा मीटरच्या छताला मला ध्रुवीय प्रकाश हवाय, आणि एलईडीच्या पट्ट्या नकोत. सोलापुरी चादर जॅकार्ड मागावर दुहेरी विणीची होते, एका बाजूला जो रंग नक्षीचा तोच दुसरीकडे जमिनीचा. हिरव्या आणि गडद निळ्या सुताचे लांब पट्टे छतातून उभे सोडले, कूलरच्या वाऱ्यावर हलले आणि एका बाजूनं मंद उजेड टाकला, की हिरवा येतो-जातो.

रंगांचा क्रम मी लिहून नेला होता, कारण चित्रांत तो हमखास उलटसुलट असतो. खालची कड नायट्रोजनची, जांभळट गुलाबी आणि बारीक. तिच्यावर शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचा हिरवा, सगळ्यात ठळक. त्याच्याही वर, दोनशे किलोमीटरच्या पुढे, तोच ऑक्सिजन विरळ हवेत तांबडा दिसतो, पण फिका. कारखानदारांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. “अक्का, तांबडा असा विरत न्यायचा तर बाण्याचा आडवा धागा बदलत जावा लागेल. नक्षी सोपी आहे, रंग अवघड.” त्यांना त्या अवघडाचीच गोडी लागलेली दिसली. नमुना जूनमध्ये देतो म्हणाले. कापडाला आगरोधक प्रक्रिया सक्तीची, ती अट नकाशावर मोठ्या अक्षरात घातली.

ध्रुवीय प्रकाश हिवाळ्याच्या काळोखात दिसतो, मध्यरात्रीचा सूर्य उन्हाळ्यात. एका जागी दोन्ही दाखवणं खोटं ठरलं असतं. आमच्याकडे बोगदा म्हणजे हिवाळा आणि त्यातून बाहेर पडलेला चौक म्हणजे उन्हाळा. आर्क्टिक वृत्ताच्या पट्टीवरच काळोख सुरू होतो, कारण तिथूनच पुढे वर्षात एक तरी दिवस सूर्य उगवत नाही. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ त्या काळोखातही हिमाद्रीवर राहायला लागले आहेत. बोगद्याच्या भिंतीवर मजकूर फक्त तेवढाच.

बाहेर दुपारी एक लाख लक्स उजेड असतो, बोगद्यात वीस. डोळ्यांना एकदम हा फरक झेपत नाही, म्हाताऱ्या माणसाचा पाय चुकू शकतो. भिंतीतल्या फटी उत्तरेकडे विरळ होत जातील, आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीला सलग कठडा.

३ जून

चौक. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत मी नेहमी बघते: कमानीतून आत शिरलेलं कुटुंब लगेच थांबतं. मागे राहिलेल्यांची वाट बघतात, पोरं मोजतात, चपलेचा अंगठा नीट करतात. त्यांच्या मागे सगळी गर्दी अडते. इथे चढ संपल्यावर डावीकडे आठ मीटर खोल थांबण्याची जागा दिली आहे, हिमकड्याच्या सावलीत, बसायला ओटा. सरळ जाणाऱ्यांचा रस्ता मोकळा.

चौकात गाणी वाजवायची नाहीत. हिमनदीचा बर्फ समुद्रात वितळताना त्यात दाबली गेलेली जुनी हवा तडतडत बाहेर पडते, सतत. तोच आवाज, ओट्याच्या खालून, कान दिला तरच ऐकू येईल इतका.

१२ जून

पहिला मोठा पाऊस. बोगद्याचा तळ साठ सेंटिमीटर खाली असल्यानं पाणी तिथेच धावणार, म्हणून दोन्ही तोंडांना आडव्या जाळीच्या गटारी, मध्ये खड्डा, दोन पंप (एक बंद पडला तर दुसरा), आणि त्यांना जनित्राची वेगळी जोडणी. मॉडेलवर बादलीनं पाणी ओतून उतार तपासला, दक्षिण तोंडाचा उंबरठा पाच सेंटिमीटर वर घेतला.

विणकरांचा नमुना आला. हिरव्यातून तांबडा जिथे विरतो तिथे त्यांनी मध्ये राखाडी धागा घातलाय, तो मी सांगितलेला नव्हता आणि त्यामुळेच ते जमलंय.

१८ जून

गटाची बैठक. सगळ्यात जास्त वाद एका गोष्टीवर झाला: तिकीट तपासणी कुठे? मला ती बोगद्याच्याही पुढे, चौकाच्या तोंडाशी हवी आहे. म्हणजे सव्वाएकसष्ट मीटर सावली, बसायची जागा, पिण्याचं पाणी आणि तो गारवा बिनतिकिटाच्या माणसालाही मिळतो. एका मित्राचं म्हणणं, मग रिक्षावाले आणि शेजारच्या शेतातले मजूर दुपारी इथेच येऊन बसतील. बसू देत की. नी-ओलेसुंडला घरांची दारं कुलूप न लावता ठेवतात, कारण अस्वल आलं तर जो कोणी रस्त्यावर असेल त्याला जवळच्या दारातून आत शिरता आलं पाहिजे. आपल्याकडे अस्वल नाही, मे महिन्याची दुपार आहे. आर्क्टिकचं दार बांधायचं तर त्यातली ही रीत आधी घ्यायला हवी, असं मी ठामपणे मांडलं. रांग आणि बसणारे यांची सरमिसळ होऊ नये म्हणून वाट साडेचार मीटरची केली: तीन मीटर चालायला, दीड मीटर ओट्याला. शेवटी तपासणी चौकाच्या तोंडाशीच राहिली.

बाकीचं पटकन ठरलं. पाट्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदीत, अक्षांशांचे आकडे पितळेत कोरलेले, अक्षराची उंची सहा सेंटिमीटर. बाहेर पडणाऱ्यांचा रस्ता पूर्वेच्या भिंतीबाहेरून, वेगळ्या उघड्या मांडवाखालून. तिथे बोगदा नाही, कारण संध्याकाळी थकलेल्या पोराला काळोखातून न्यायला कोणालाच आवडत नाही. बोगद्यात मध्यावर एक आणीबाणीचं दार, बाहेर उघडणारं, थेट त्याच मांडवात.

आराखडा, छेद आणि पायाचा नकाशा सोमवारी गटाला देते. फटीच्या भिंतीचा छेद १:१० मध्ये पुन्हा काढायचाय, त्यात फटीचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता दाखवायचा राहिलाय, नाहीतर पावसाचं पाणी आत येईल.